वरच्या मजल्याचा किरायेदार

खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर तेवढंच, आणि वर जायला बाहेरून लोखंडी जिना. घरमालक याला डुप्लेक्स म्हणत होता. दर दोन वाक्यांमागे एकदा म्हणत होता. नाव मोठं आणि लक्षण खोटं, हे मला फाटकातून आत शिरतानाच वाटलं, पण माझा मोठा भाऊ माझ्या पुढे चालत होता आणि त्याची मान आधीपासूनच होकारार्थी हलत होती.

चंद्रपूरहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, कोळशाच्या खदानीच्या अंगाला, शेतं मोडून पाडलेलं ते लेआऊट. चाळीसेक घरं, निम्मा रस्ता सिमेंटचा, निम्मा मुरमाचा. सकाळचे दहा वाजले होते. घरमालक राहायला शहरात होता आणि खास आमच्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

"इथी किरायेदाराची लाइन लागते ताई," तो म्हणाला. "खाली फॅमिली आहे, वर दोघं शिफ्टवाले आहे. तुमी घेतलं तं दुसऱ्या दिवसापासून किराया चालू."

दादा माझ्याकडे पाहून हसला. दादा शाळामास्तर म्हणून रिटायर झालेला. त्याला पेन्शन आहे, त्यामुळे त्याला सगळ्या गोष्टी सोप्या वाटतात. बाप गेल्यावर मूल गावाजवळची बांधी, म्हणजे आमचं धानाचं शेत, विकली ती त्यानंच, आणि माझा हिस्सा पै न पै माझ्या खात्यात टाकला, हे मी नाकारत नाही. पण त्या पैशाचं काय करायचं तेही त्यानंच ठरवून टाकलं होतं. पैसा माझा आणि अक्कल त्याची, असा तो कारभार.

मी नर्स. आधी खासगी दवाखान्यात, मग सरकारी योजनेत, पण कंत्राटावर. काम पक्क्या नर्सचं आणि कागद अकरा महिन्यांचा. राहत्या खोलीचा करारही अकरा महिन्यांचा, म्हणजे माझ्या आयुष्यात बारावा महिना कुणी लिहूनच दिला नाही. पेन्शन नाही, मूलबाळ नाही, नवरा होता तो मीच सोडला. वयाच्या अटीनं कंत्राट कायमचं संपायला दोन-तीन वर्षं उरली होती. खालच्या मजल्यावर आपण राहायचं आणि वरच्याच्या किरायावर जेवायचं, एवढाच माझा बेत. वरचा मजला रिकामा राहिला तर माझं ताट रिकामं.

आणि ताट रिकामं राहिलं तर काय, तेही ठरलेलं होतं. वैनी एका दिवाळीत करंज्या भरता भरता मला म्हणाली होती, "मागची खोली तुमच्यासाठीच ठेवली आहे. मलेही कनीक मळाले हात होईल." प्रेमानंच म्हणाली. ते प्रेम मला नको होतं.

तर त्या सकाळी मी घर पाहिलं. खालच्या घरातल्या बाईनं चहा केला. नवी, पाहुण्यासारखी अवघडलेली बाई. साखरेचा डबा तिला दोन फळ्या शोधून सापडला. वरचे दोघं ड्युटीवर गेलेत असं घरमालक म्हणाला आणि त्यानं स्वतःच्या किल्लीनं दार उघडलं. दोरीवर दोन शर्ट, एक लुंगी वाळत होती. न्हाणीघरात एक बादली होती, तिच्यावर दुकानाची चिकटपट्टी तशीच. स्वयंपाकघरात गॅसच्या ओट्यामागची भिंत पांढरी स्वच्छ. फोडणीचा एक शिंतोडा नाही. बटनांच्या पाटीभोवती हाताचा डाग नाही. मी कितीतरी वर्षं लोकांच्या घरात घुसून बाळंतिणी तपासल्या आहेत. माणसं राहतात ते घर मला भिंतीवरून कळतं.

"हे दोघं जेवते कुठी?" मी विचारलं.

"डबा आहे न त्यायचा," घरमालक म्हणाला.

"अन् हात धुऊन बटन दाबते का?"

दादानं माझ्याकडे डोळे वटारले. खाली उतरल्यावर तो घरमालकासमोरच म्हणाला, "बाई, आजचा दिवस चांगला आहे. टोकन देऊन टाकू." त्याच्या शर्टाच्या खिशात पाकीट तयार होतं. पैसे त्यानं मला न सांगता स्वतःच्या खात्यातून काढलेले, पण मी नंतर त्याला परत द्यायचे, म्हणजे शेवटी माझेच. मी म्हटलं, मला आठ दिवस पाहिजेत. घरमालकाचा चेहरा उतरला आणि दादाचा त्याहून जास्त.

स्कूटरवर तो रस्ताभर बोलत होता. "तुले काय समजते घरातलं? तू तं सारी उमर किरायानं राह्यली."

"म्हनूनच समजते," मी त्याच्या पाठीला म्हणाले. "तू कदी राह्यला किरायानं?"

हा प्रश्न त्याला लागला नाही. लागण्यासारखी जागाच नव्हती त्याच्याकडे. बापाच्या घरातून तो बँकेच्या कर्जाच्या घरात गेला, मधे कुणाच्या फाटकाशी उभं राहून "आडनाव काय?" ऐकावं लागलं नाही त्याला.

मला ऐकावं लागलं. नऊ खोल्या झाल्या माझ्या. त्यातली पहिली एटापल्लीकडच्या एका गावात, गोंड कुटुंबाच्या घराची पडवी. त्या घरच्या म्हातारीनं मला एकच गोष्ट विचारली होती, कळा सुरू झालेल्या बाईकडे बोलावलं तर येशील का. येईन म्हटलं. झालं, मिळाली जागा. मग शहरात आले आणि माणसांची चौकशी सुरू झाली. आमच्या आडनावावरून पटकन काही कळत नाही, म्हणून गाव विचारायचे. गावावरूनही कळलं नाही की "खानंपिनं कसं आहे तुमचं?" मग नवरा कुठे आहे. मग भेटायला कोण कोण येतं. एका बाईनं तर माझ्या दारासमोरच्या चपला मोजायला सुरुवात केली होती. तिच्या घरात मी पाच महिने टिकले आणि निघताना तिच्याकडे पाणीसुद्धा मागितलं नाही.

इतक्या खोल्या सोडल्यावर मला एक पक्कं कळलं आहे. घर पाहायला पुरुष येतो, पण घर सोडते बाई. कपडे वाळायला जागा नाही, नळाला पाणी दुपारी येतं, कूलर लावायला खिडकी नाही, हे तिलाच सोसावं लागतं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कूलरला खिडकी नसलेलं घर फुकट दिलं तरी मे महिन्यात रिकामं होतं. तेव्हा घर घ्यायच्या आधी मालकाला नाही, गल्लीतल्या बायांना विचारायचं. आणि बायांना विचारायचं कसं, तेही मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच गेले. पिशवीत बीपीचं मशीन. त्या घरापासून तीन घरं सोडून एका ओट्यावर बसले, प्यायला पाणी मागितलं आणि म्हटलं, सिस्टर आहे, कुणाचं बीपी पाहायचं असेल तर पाहून देते. फुकटचं बीपी म्हटल्यावर आमच्याकडे निरोगी माणूसही बाही वर करतो. पाऊण तासात ओटा भरला. दंडाला पट्टा बांधला आणि मनगट हातात घेतलं की बाई खोटं बोलत नाही. का बोलत नाही ते मला ठाऊक नाही, पण नोकरीभर मी या एका गोष्टीवर भाकरी खाल्ली आहे.

"तिकडचं दुमजली घर रिकामं आहे का हो?" मी सहज विचारलं.

"कोनतं, ते पिवळं? ते तं रिकामंच रायते बाप्पा," पहिलीच म्हणाली.

"पण खाली फॅमिली दिसली मले."

"फॅमिली कायची? त्याच्या बायकोची बहीण होय ते. पंधरा दिवस झाले आनून बसवली. घर इकाचं आहे न त्याले." आणि मग ओट्यावर एकच हशा. वरचे शिफ्टवाले? शिफ्टवाले कोणी नाहीतच. ते दोन शर्ट अन् लुंगी खालचीच बाई रोज सकाळी वाळत घालते आणि संध्याकाळी काढते. मी पट्ट्यातली हवा सोडली. मला घरमालकाचा राग आला, पण त्याहून जास्त दादाचा आला. साखरेचा डबा न सापडणारी बाई त्याच्याही समोरच उभी होती.

तीन वाजता खदानीत ब्लास्टिंग झालं. ओटा हलला, आतल्या मांडणीवरची भांडी किणकिणली, माझ्या मशीनचा पारा उडाला. एकाही बाईनं मान वर केली नाही. पट्टा बांधलेल्या बाईचं बीपी मला पुन्हा घ्यावं लागलं. घरमालकानं आम्हाला सकाळी दहालाच का बोलावलं होतं ते तेव्हा कळलं.

मग एकेक निघत गेलं. उन्हाळ्यात वारा खदानीकडून येतो, तेव्हा धुतलेले कपडे काळे होतात आणि घरात अनवाणी चाललं तर तळपाय काळे. मागे खदानीतून काढलेल्या मातीचे ढिगारे आहेत, त्यांच्यावर झुडपं माजली आहेत आणि त्यात बिबट्या आहे. "कुत्रे नेते तो. रात्री घरी येनारे सेकंड शिफ्टवाले इथी रायत नाई मनून," एक म्हातारी म्हणाली. आणि खरं दुखणं त्यांनी सांगितलंच नाही, ते मी जाताना गल्लीत वाचलं. पाच फाटकांवर पाट्या होत्या, ऊन खाऊन अक्षरं फिकी झालेल्या. किरायाने देणे आहे, फक्त पर्मनंट नोकरीवाल्यांना. एकीवर खाली शाकाहारी असंही होतं.

मी तिथेच रस्त्यात उभी राहून हसले. आमच्या लोकांची हीच तर तऱ्हा. खदानीतल्या पर्मनंट माणसाला क्वार्टर मिळतं. तो किरायानं कशाला येईल? आणि ज्याला क्वार्टर मिळत नाही, त्याला हे लोक घर देत नाहीत. चाळीस घरांचं लेआऊट अशा किरायेदाराची वाट पाहत बसलं होतं, जो जन्माला येऊ शकत नाही.

आता फक्त कागद पाहिजे होता. पहिल्या दिवशी मी जिन्याखालच्या दोन्ही मीटरवरचे ग्राहक क्रमांक तळहातावर लिहून घेतले होते. दादाला वाटलं मी मोबाईल नंबर लिहिते आहे. बिलं भरून देणाऱ्या दुकानात जाऊन मी वर्षाची बिलं काढून आणली. वरच्या मीटरचं बिल तापाच्या तक्त्यासारखं होतं. पावसाळाभर शून्य. दिवाळीनंतर दीड महिना एकदम चढलेलं, मग पुन्हा शून्य. तो दीड महिना कशाचा तेही ओट्यावर कळलं होतं. थर्मलमध्ये, म्हणजे वीज केंद्रात, मशिनी बंद ठेवून दुरुस्ती चालते तेव्हा बाहेरगावचे मजूर येतात, दहा जण एका खोलीत झोपतात आणि काम संपलं की जातात. त्यांच्याकडून घेतलेला किराया दाखवून घरमालक मला वर्षाचा हिशोब ऐकवत होता.

म्हणजे घर घ्यायचं नाही. बिलांची घडी करून मी पर्समध्ये ठेवली आणि दादाला काय काय ऐकवायचं त्याची मनात उजळणी केली. खरं सांगते, घर गेल्याचं मला वाईट वाटलं नाही. दादा खोटा पडला याचाच आनंद मोठा होता.

पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या गल्लीत गेले. ओट्यावरच्या एका बाईचं बीपी फार वाढलेलं होतं आणि तिला मी आणखी एकदा पाहीन म्हणाले होते. गल्लीच्या अगदी टोकाला, टिनाच्या दोन खोल्यांत राहायची. मुसलमान कुटुंब. नवऱ्याचं शहरात मोटर वाइंडिंगचं दुकान, जळालेल्या पंपाच्या मोटरी भरून द्यायचा. दोन मुली शाळेत. टिन इतकं तापलेलं की आत शिरल्यावर मला घाम फुटला, आणि ती त्यात स्वयंपाक करत होती.

"गोळी चालू आहे का?" मी विचारलं.

"चालू आहे. पण घर पाहू पाहूच वाढते, सिस्टर," ती म्हणाली. "चार वर्षं झाले, घर पाहून राह्यलो आमी. एकानं तं ॲडव्हान्सही घेतला होता. मंग नाव विचारलं अन् परत देल्ला." ती थोडी थांबली. "तुमी ते पिवळं घर घेऊन राह्यल्या मनते बाया. घेतलं तं वरचं आमाले द्या न."

"ब्लास्टिंगचं काय? अन् काळे कपडे?"

"इथी काय गोरे रायते कपडे?"

तिच्या दंडाला पट्टा बांधलेला असताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते लपवण्यात अर्थ नाही. दया आली, आलीच. पण दयेच्या आधी हिशोब आला. या गल्लीतून सगळे किरायेदार जातील, ही जाणार नाही. हिला बिबट्या चालतो, धूळ चालते, तीनचं ब्लास्टिंग चालतं. नवऱ्याचा धंदा असा की उन्हाळ्यात पंप जळतात आणि पावसाळ्यातही जळतात. हिला जायला दुसरं दारच नाही. ज्या रिकाम्या मजल्याला मी घाबरत होते तो भरायला माणूस चार वर्षांपासून शंभर पावलांवर बसलेला होता, आणि घरमालकानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. घर पडून होतं म्हणून स्वस्त मिळणार, आणि मी घेतलं की पडून राहणार नाही.

मग मी घरमालकाला गाठलं. दादाला सोबत नेलं ते मुद्दाम. घरमालकासमोर वर्षाची बिलं पसरली आणि म्हटलं, "भाऊ, हे शिफ्टवाले अंधारात रायते का?" त्यानं दादाकडे पाहिलं, दादानं छताकडे. मी पुढे विचारलं, खालच्या ताईला साखरेचा डबा सापडला का. मग त्याला घाम फुटला. किंमत मी अशी पाडली की तो दोनदा उठून गेला आणि दोनदा परत आला. मला त्या दिवशी इतकी मजा आली की अजून आठवली तरी बरं वाटतं. आयुष्यभर फाटकाबाहेर उभं राहून उत्तरं दिली होती, आता मी विचारत होते.

"पन रिकामं रायते मनता अन् घेता कायले?" घरमालकानं शेवटी चिडून विचारलं.

"ते माह्यं मी पाहीन," मी म्हटलं.

टोकन दिलं आणि गल्लीच्या टोकाच्या त्या बाईला सांगून आले की वरचं तुमचं. ती बातमी लपते थोडीच. चार दिवसांनी दादाच्या घरी बैठक भरली. घरमालक, लेआऊटमधले दोन प्रतिष्ठित, मधे दादा आणि आतल्या दाराच्या पडद्याआड वैनी. प्रतिष्ठितांपैकी एक म्हणाला, "आमचा काई विरोध नाई, पन..." आमच्याकडे सगळा विरोध या पनच्या पुढेच असतो. मुली आहेत, वातावरण आहे, घरांचे भाव आहेत, उद्या आणखी येतील. माझ्याच घराच्या भावाची काळजी त्यांना माझ्याहून जास्त होती.

"बरं," मी म्हटलं. "मंग तुमच्यातून वरचं कोन घेते किरायानं? हात वर करा."

दोन्ही प्रतिष्ठितांचे हात बिस्किटांकडे गेले.

"तुमच्या ओळखीचा पर्मनंट कोनी? शाकाहारी? बारा महिने रायनारा?"

घरमालकानं चहाच्या कपात पाहिलं. दादा म्हणाला, "बाई, असं नाई बोलत लोकाइशी."

"कसं बोलू मंग? रिकाम्या घराचा किराया हे लोक देनार आहे का मले? तू देशील?"

"तुह्या भल्याचंच सांगून राह्यलो. तुही वैनी तुह्या घरी पानी नाई पेनार."

"मंग घरून भरून आनावं तिनं," मी म्हटलं. पडद्याआड बांगड्या वाजल्या. त्यानंतर दादा माझ्याशी दोन महिने बोलला नाही आणि रजिस्ट्रीला साक्षीदार म्हणून मी माझ्या दवाखान्यातल्या शिपायाला नेलं.

त्या दिवसांत मी स्वतःवर फार खूश होते. नव्या घरात खाली सामान लावता लावता मी स्वतःशीच भाषण करत होते. साऱ्या गल्लीला मी कसं गप्प केलं, भावाला कसं ऐकवलं, आणि ज्यांना कोणी देत नाही त्यांना मी घर देते आहे. कामावरच्या दोन नर्सना मी हे सांगितलंही. त्या म्हणाल्या, सिस्टर, तुमचं मन मोठं. मी नाही म्हटलं नाही.

मग एका रविवारी ती दोघं नवरा-बायको वरचं घर पाहायला आली. मुलींना आणलं नव्हतं, उगाच मुली दिसल्या तर मी बदलेन की काय अशी भीती असावी. नवरा चप्पल जिन्याखाली काढून अनवाणी वर चढला. मी म्हटलं, अहो चालतं. तो म्हणाला, राहू द्या. ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यामागच्या त्या कोऱ्या भिंतीवरून हात फिरवत उभी राहिली. मग खिडकीशी गेली, तिची रुंदी वितीनं मोजली आणि नवऱ्याला म्हणाली, "कूलर बसते इथी."

गल्लीतला वरच्या मजल्याचा दर काय होता ते मला माहीत होतं. ओट्यावर बसून मीच विचारला होता. तो त्यांनाही माहीत होता, चार वर्षं घरं पाहणाऱ्या माणसाला दुसरं काही माहीत नसलं तरी दर पाठ असतो. वर येईपर्यंत मी तोच सांगणार होते. पण तिनं कूलरचं म्हटलं आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं. घर तिचं होऊन चुकलं होतं. माझ्या तोंडातून दर निघाला तो गल्लीच्या दरावर हजार रुपये चढवून.

कोणी मला शिकवलं नव्हतं. मागे कोणी उभं नव्हतं. कंत्राट संपत आलं आहे, औषधं महाग झाली आहेत, बांधी विकली ती परत येणार नाही, ही सगळी कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी एकच कारण होतं. ही नाही म्हणू शकत नाही, हे मला कळलं होतं.

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. तो काहीतरी बोलणार होता, त्याचे ओठ हललेही. तिनं त्याच्या हाताला हळूच हात लावला.

"चालेल, सिस्टर," ती म्हणाली. "तुमी निदान दर तं सांगतला. बाकीचे फाटकच लावते."

मी किल्ली दिली.

तीन वर्षं होत आली. वरचा मजला एक दिवसही रिकामा राहिला नाही. गल्लीतल्या पाट्या अजून तशाच आहेत. दादा आता बोलतो, येतो, पाणीही पितो. मागच्या उन्हाळ्यात तो कौतुकानं म्हणाला, "बाई, तुले जमलं पन. किती घेते किराया?"

मी त्याला गल्लीतला दर सांगितला.

तो गेल्यावर मी त्याचा पेला विसळला. वरून पाट्या-वरवंट्याचा आवाज येत होता. त्या बाईपुढे मला रोज लाज वाटते, आणि दर महिन्याला पाच तारखेच्या आत ती पूर्ण किराया आणून देते तेव्हा मी तो घेते. देताना ती दर वेळी म्हणते, तुमचे उपकार आहेत सिस्टर. मी तिला बस म्हणते, चहा घे म्हणते. हजार रुपये कमी करा म्हणून तिनं कधी म्हटलं नाही, आणि मी केले नाहीत.